मुलांना घरी फ्रेंच शिकवताना उच्चार देवनागरीत लिहून देऊ नयेत

आधीकान

आईबाबांना स्वतःला फ्रेंच येत नसेल तर घरी हमखास एकच पद्धत चालते: शब्द, त्यापुढे मराठीत उच्चार, आणि मग पाठांतर. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी पहिले तीन महिने तरी हे अजिबात करू नये, कागदच नको, नुसतं ऐकणं आणि बोलणं, असं माझं ठाम मत आहे.

फ्रेंचमध्ये 'वर' म्हणजे 'दस्यू' आणि 'खाली' म्हणजे 'दसू'. फरक फक्त शेवटच्या स्वराचा. 'दस्यू'मध्ये खरं तर 'य' नाहीच. त्या स्वराला आपल्याकडे अक्षर नाही म्हणून आपण तो 'यू' असा लिहितो, आणि मूल मग 'य' ठासून वाचतं. तो स्वर असा काढायचा: 'ई' म्हणा, जीभ तिथेच राहू द्या आणि ओठ फक्त 'ऊ'सारखे गोल करा. मुलाच्या हातात छोटा आरसा द्या. ओठ गोल करताना जीभ मागे सरकली की 'ऊ' ऐकू येतो, म्हणजे 'वर'चं 'खाली' झालं.

अनुस्वाराचंही तसंच. आंघोळ 'बॅं', बाक 'बाँ', चांगला 'बों'. तिन्ही वेगळे. टिंब दिसलं की मराठी मूल शेवटी 'न्' किंवा 'म्' लावतं. आवाज संपताना जीभ टाळूला लागली की उच्चार चुकलाच.

दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं पुरतात. आधी काल-परवाचे शब्द, मग नवे पाच, त्याहून जास्त नकोत. मूळ ध्वनिफीत दोनदा ऐकवा, मुलाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ लावा. फरक मुलालाच कळतो. 'ऊव्र ला पोर्त' (दार उघड), 'फेर्म ला पोर्त' (दार लाव) असे आदेश ध्वनिफितीतून यावेत आणि मुलाने ते करून दाखवावेत. पालकांनी स्वतः उच्चार करून दाखवायच्या फंदात पडू नये.

शाईदौत

देवनागरी नको, इथपर्यंत सहमत. पण तीन महिने कागदच नको, हे पटत नाही. आठ वर्षांच्या मुलाला इंग्रजी वाचता येतं. फ्रेंच स्पेलिंग त्याला उशिरा दाखवलंत तर ते इंग्रजीच्याच सवयीने वाचणार आणि कानाने कमावलेलं सगळं वाया जाणार.

शिवाय स्पेलिंगमुळेच कारण कळतं. 'छोटा' म्हणजे 'पती', 'छोटी' म्हणजे 'पतीत'. 'हिरवा' 'व्हेर', 'हिरवी' 'व्हेर्त'. नुसतं ऐकणाऱ्याला हे सुटेसुटे शब्द वाटतात. कागदावर दिसतं की शब्दाच्या शेवटी एक मुका 'टी' आहे आणि स्त्रीलिंगाचा 'ई' लागला की तो बोलू लागतो. सहा या आकड्याचं तर बघा: एकटा असताना 'सीस', 'सहा पुस्तकं' म्हणताना 'सी', आणि 'सहा वर्षं' म्हणताना 'सीझाँ', कारण पुढे स्वर आला. तीन उच्चार, स्पेलिंग एकच. लिहिताना मुकी अक्षरं फिक्या पेन्सिलीने काढा आणि बोलणारी गडद. दुसऱ्या आठवड्यापासून रोज तीन शब्द बास.

पुढे ज्यांना देल्फ प्रिम (लहान मुलांसाठीची फ्रेंचची परीक्षा) द्यायची आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावं. ए1 या सुरुवातीच्या पातळीला ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं यांना प्रत्येकी 25 गुण असतात. पास व्हायला लागणारे एकूण 50 मिळाले तरी प्रत्येक भागात किमान 5 लागतात. लेखन कोरं ठेवून चालत नाही.

बाराखडी

दोघांशीही असहमत. देवनागरीची एक मोठी सोय तुम्ही विसरताय. फ्रेंचचा 'टी' म्हणजे आपला 'त', 'डी' म्हणजे 'द', दाताला जीभ लावून. रोमन अक्षरं पाहिली की मूल 'टाब्ल' (टेबल) म्हणतं, 'ताब्ल' लिहून दिलं तर बरोबर म्हणतं. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला 'प', 'त', 'क' म्हणताना जो हवेचा झोत येतो तोही फ्रेंचमध्ये नाही, मराठीतही नाही. ही आयती मिळालेली गोष्ट का टाकायची? अडचणीचे स्वर मोजकेच. त्या अक्षरांभोवती लाल वर्तुळ करा, अर्थ एवढाच: 'वाचू नकोस, आधी ऐक'.

आधीकान

'त', 'द'चा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण तो एका वाक्यात तोंडी सांगता येतो. अडचण त्या मोजक्या स्वरांपुरती नाही. 'मी'साठीचा फ्रेंच शब्द लिहिताना 'झ' आणि 'सीझाँ' लिहितानाही 'झ'. पहिला इंग्रजी 'मेझर'मधला, दुसरा 'झाड'मधल्या 'झ'च्या जवळचा, पण त्यात हकार नाही. एकाच अक्षरात दोन आवाज कोंबले की लाल वर्तुळ काय करणार?

उच्चारांइतकाच लिंगाचाही घोळ होतो. मूल मराठीचं लिंग तिकडे नेतं. खुर्ची दोन्हीकडे स्त्रीलिंगी, पण वही तिथे पुल्लिंगी आणि दार स्त्रीलिंगी. चित्रांची कार्डं करा, पुल्लिंगाला निळी कड, स्त्रीलिंगाला लाल. मागे मराठी शब्द लिहू नका. आणि शब्द 'ल', 'ला' (इंग्रजी 'the'सारखे, पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी) लावून नव्हे, 'अँ', 'यून' (तसेच, पण 'एक' या अर्थाचे) लावून शिकवा ('यून'मध्येही 'य' नाही, वर सांगितलेलाच स्वर). शाळा आणि झाड स्वराने सुरू होतात, त्यामुळे तिथे 'ल' आणि 'ला' दोन्हींचा नुसता 'ल्' होतो आणि लिंग लपतं. 'यून एकोल', 'अँनार्ब्र' म्हटलं की ते ऐकू येतं.

शाईदौत

कार्डांचं पटलं. 'त्यू' आणि 'व्हू' शिकवायला मात्र दोन मिनिटंही लागत नाहीत, कारण ते सरळ आपले 'तू' आणि 'तुम्ही' आहेत, अनेकवचनासकट. आकड्यांचंही भय नको. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्याण्णव म्हणजे चार-वीस-एकोणीस. 'एकोणसाठ' पाठ केलेल्या मुलाला यात काय जड? फक्त 69 पर्यंत पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. वय सांगताना 'मी सहा वर्षांचा आहे' याचं शब्दशः फ्रेंच करू देऊ नका. तिथे 'माझ्याकडे सहा वर्षं आहेत' अशीच रचना लागते.

बाराखडी

'झ'पुढे माझी वर्तुळं अपुरी पडतात, मान्य. 'ताब्ल' मात्र मी लिहिणारच. आणि तीन महिन्यांची अट सहा वर्षांच्या मुलाला ठीक आहे. दहा वर्षांच्या मुलाला तीन आठवडे पुरेत, नाहीतर ते स्वतःच चोरून उच्चार लिहून ठेवील, आणि तेही 'ट', 'ड' वापरून.