डिसेंबरअखेर पुण्याहून ग्वाल्हेरला माहेरी: धुक्यात गाडी कोणती, परतीचं कसं, सोबत काय?

पुण्यातली_ग्वाल्हेरी
नमस्कार मंडळी. २४ डिसेंबरला पुण्याहून निघून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आईबाबांकडे जायचं आहे, परत २ जानेवारीला. आम्ही चौघं: मी, नवरा, साडेपाच वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, वरच्या बर्थवर चढणं अशक्य. ५ तारखेला मुलाची शाळा आणि आमचं ऑफिस सुरू.

१. धुक्यामुळे गाड्या सहा-आठ तास लेट होतात म्हणतात. जाताना आणि येताना कोणती गाडी घ्यावी? विमानाने गेलेलं बरं का?
२. चौघांचं एकच तिकीट काढलं तर खालचा बर्थ मिळतो का?
३. सासूबाई उत्तरेच्या थंडीत पहिल्यांदाच येत आहेत. घर जुनं, दगडी. काय तयारी हवी?
४. इकडून काय न्यावं आणि तिकडून गजक (तीळ-गुळाची पदरी मिठाई) नीट कशी आणावी?

लष्करकर
ताई, जाण्याची काळजी फार करू नका, सगळी काळजी परतीची करा. धुक्याची दाट पट्टी पंजाब, हरियाणा, दिल्ली, मथुरा, आग्रा, मुरैना अशी आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिचा जोर असतो, आणि त्यातही पहाटे तीन ते सकाळी दहा ही वेळ सगळ्यात वाईट. पुण्याहून येणारी गाडी ग्वाल्हेरला येईपर्यंत या पट्टीत शिरलेलीच नसते. परतीची गाडी मात्र ती पट्टी ओलांडूनच तुमच्यापर्यंत येते. एकाच गाडीची जोडी, पण जाताना वेळेवर आणि येताना पाच तास उशिरा, हे त्यामुळे घडतं.

जाताना झेलम एक्सप्रेस घ्या. पुण्यातूनच संध्याकाळी सुटते, सकाळी भोपाळ आणि दुपारी झाशी करत ग्वाल्हेरला उजेडात पोचवते. गोवा एक्सप्रेस पुण्यात पहाटे येते आणि ग्वाल्हेरला अपरात्री उतरवते. लहान मूल आणि गुडघेदुखीचं माणूस घेऊन जानेवारीच्या तोंडावर रात्री एक वाजता फलाटावर उभं राहायला नको.

येताना नेमकं उलटं करा. झेलम जम्मूकडून येते, रात्रभर पंजाब-हरियाणातून. तिचा उशीर ग्वाल्हेरच्या आधीच साठलेला असतो. मुंबईकरांसाठी पंजाब मेलचंही तेच, ती फिरोजपूरहून रात्री निघते. गोवा एक्सप्रेस मात्र हजरत निजामुद्दीनहून दुपारी सुटते. धुकं विरलेलं असतं, ग्वाल्हेर जेमतेम तीनशे किलोमीटर, संध्याकाळी तुमच्याकडे येते आणि पुढे दक्षिणेला धुकं कमी होत जातं.

तिच्यातही एक मेख आहे. जो रेक (डब्यांचा संच) सकाळी वास्कोहून निजामुद्दीनला पोचतो, तो आग्रा-मथुरा-दिल्ली हा टप्पा बरोबर पहाटेच्या धुक्यात पार करतो. तो दुपारी पोचला तर परतीची गाडी ‘रिशेड्यूल’ होते, म्हणजे सुटण्याची वेळच पुढे ढकलतात. म्हणून २ तारखेला सकाळी आपली गाडी बघत बसू नका, एनटीईएसवर (गाडी आत्ता कुठे आहे ते दाखवणारं रेल्वेचं ॲप) दिल्लीला येणारी गाडी, म्हणजे १२७७९, दिल्लीच्या किती जवळ आली ते बघा. ती चार तास मागे असेल तर तुमच्या परतीच्या १२७८० चा उशीर दुपारी बारालाच कळतो, घरी बसून जेवून निघता येतं.

उशीर मुळात का होतो, हे मुलाने विचारलं तर सांगायला सोपं आहे: चालकाला सिग्नल दिसत नाही. दाट धुक्यात गाडीचा वेग उतरवावा लागतो. आता इंजिनात फॉग पास नावाचं जीपीएसवर चालणारं यंत्र ठेवतात, ते पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते आधी सांगतं. त्यामुळे धुक्यातली वेगमर्यादा ताशी ६० वरून ७५ किलोमीटर केली. तरी १३० च्या मार्गावर ७५ म्हणजे निम्म्याच्या जरा वर, आणि पुढची गाडी अडकली की मागच्या सगळ्या रांगेत.

विमान: पुण्याहून दिल्ली आणि तिथून गाडी, हा मार्ग या पंधरवड्यात घेऊ नका. दिल्लीचं विमानतळ आणि दिल्ली-आग्रा लोहमार्ग दोन्ही एकाच धुक्यात असतात, एक चुकलं की दुसरं हातचं जातं. ग्वाल्हेरच्या महाराजपुरा विमानतळावर सकाळी दृश्यमानता नसेल तर विमान उतरतच नाही. विमानच हवं असेल तर भोपाळपर्यंत या आणि तिथल्या राणी कमलापती स्टेशनहून दुपारची शताब्दी धरा. लक्षात ठेवा, ही शताब्दी सकाळी नवी दिल्लीहून निघालेलाच रेक आहे, सकाळी लेट तर दुपारीही लेट. पण चार-पाच तासांचा प्रवास आणि बसायला गरम डबा, एवढं सोसवतं.

तुम्ही २ ला निघताय आणि ५ ला शाळा आहे, म्हणजे मध्ये एक दिवस शिल्लक राहतो. तो कुणी कितीही आग्रह केला तरी मोडू नका.

तिकीटखिडकी
लष्करकरांनी गाड्या सांगितल्या, मी तिकिटांचं सांगतो.

आगाऊ आरक्षण आता ६० दिवसांचं आहे (१ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० होतं), प्रवासाचा दिवस सोडून. २४ डिसेंबरच्या झेलमचं बुकिंग २५ ऑक्टोबरला सकाळी ८ ला उघडेल, २ जानेवारीच्या गोवा एक्सप्रेसचं ३ नोव्हेंबरला. दिवाळीच्या धामधुमीत हे विसरतं, आजच फोनमध्ये गजर लावा. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडून ठेवा, नाहीतर खिडकी उघडल्यावर पहिला वेळ हातातून जातो आणि तत्काळ तर ऑनलाइन मिळतच नाही.

खालचा बर्थ: ज्येष्ठांच्या कोट्यात ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया येतात, पण तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. चौघांचं एकत्र काढलंत की सासूबाईंचं वय कितीही असो, तो कोटा लागू होत नाही. दोन वाटा आहेत. एक, सासूबाईंचं वेगळं तिकीट त्या कोट्यात आणि तुमचं तिघांचं वेगळं. यात डबे वेगळे पडू शकतात, आणि एवढ्या लांबच्या प्रवासात ते बरं नाही. दुसरी, चौघांचं एकच तिकीट आणि बुकिंग करताना ‘किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच बुक करा’ हा पर्याय निवडायचा. बुकिंग उघडल्याच्या पहिल्या काही मिनिटांत दुसरी वाट जमते आणि तुमच्यासाठी तीच योग्य. उशिरा बसलात तर पहिली.

भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती शोधत बसू नका. मुलगा पाच पूर्ण आहे, त्यामुळे तिकीट लागणारच. बर्थ नको म्हटलं तर अर्धं, बर्थ हवा तर पूर्ण. पूर्णच काढा.

परतीला वेटिंग आलं तर ते कोणत्या यादीतलं आहे ते बघा. ग्वाल्हेर हे मधलं स्टेशन, त्यामुळे बऱ्याचदा आरएल (मधल्या स्टेशनांची) किंवा पीक्यू (सामायिक कोट्याची) लिहिलेली यादी येते, आणि ती जीएन (सर्वसाधारण) यादीपेक्षा खूप हळू सरकते. अशा वेळी निजामुद्दीन ते पुणे तिकीट काढून बुकिंग करतानाच बोर्डिंग ग्वाल्हेर टाकून बघा. भाडं निजामुद्दीनपासूनचं द्यावं लागतं, पण जागा मिळण्याची शक्यता वाढते. बोर्डिंग टाकायला विसरलात आणि निजामुद्दीनला कुणी चढलं नाही, तर टीसी ती जागा दुसऱ्याला देऊ शकतो. वेटिंगचं तिकीट घेऊन आरक्षित डब्यात चढता येत नाही, ती अपेक्षाच ठेवू नका.

तत्काळ: एसीचं सकाळी १० ला, बिगर एसीचं ११ ला, एक दिवस आधी. हा एक दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजतात. गोवा एक्सप्रेस पुण्यात २४ च्या पहाटे येते, पण वास्कोहून २३ ला सुटलेली असते. म्हणजे तिचं तत्काळ २२ ला सकाळी उघडतं. २३ ला बसणाऱ्याला फक्त वेटिंग दिसतं.

शेवटचं, पैशांचं. ग्वाल्हेरहून गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्हाला जायचंच नसेल, तर पूर्ण पैसे परत मिळतात, तत्काळचेही. पण त्यासाठी गाडी प्रत्यक्ष ग्वाल्हेरहून सुटण्याआधी ऑनलाइन टीडीआर (पैसे परत मागण्याचा अर्ज) भरावा लागतो, आणि त्या तिकिटावरच्या कुणीही प्रवास केलेला नसावा. गाडी गेल्यावर भरलेला टीडीआर या कारणाने मान्य होत नाही. गाडीच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात.

पुण्यातली_ग्वाल्हेरी
फार उपयोगी माहिती, दोघांचेही आभार. जाताना झेलम, येताना गोवा एक्सप्रेस आणि एकच तिकीट असं ठरवतो. थंडीचं आणि गजकेचं कुणी सांगेल का? बाबा म्हणतात शेगडी आहे, हीटर कशाला.

जिन्सी_नाल्याच्या_काकू
बाबांना माझा निरोप सांग बाळा, की कोळशाची शेगडी अंगणात किंवा ओसरीवर, झोपायच्या खोलीत नाही. थंडी म्हणून दारं-खिडक्या लावतो आणि जळता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्याला जागही येत नाही. म्हातारं माणूस आणि मूल यांना आधी बाधतो. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर त्यालाही हेच लागू: न्हाणीघराची हवा जायची वरची झडप उघडी हवी, आणि पाणी भरून घेऊन गीझर बंद करून मग अंघोळ.

हीटर घ्याल तो २००० वॉटचा असतो, म्हणजे जवळपास ९ अँपिअर ओढतो. जुन्या घरातलं लहान तीन पिनांचं सॉकेट ५-६ अँपिअरचं. त्यात लावला तर पिन काळी पडते, मग वितळते. १६ अँपिअरचा मोठा पॉइंट कुठे आहे ते आधी विचारा. नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून जाड वायर ओढून घ्या, एक्स्टेंशन बोर्डावर अजिबात नको. किंवा हीटर अर्ध्या बटणावर, १००० वॉटवर चालवा. रजई-पडद्यांपासून हातभर लांब ठेवा आणि झोपताना बंद करा.

आपली लष्करातली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, जाड भिंती, उंच छत, फरशी दगडी. दुपारी बाहेर ऊन छान असतं आणि आत हुडहुडी. म्हणून दिवसा सासूबाईंना गच्चीवर उन्हात बसवा, अकरा ते तीन. रजया-गाद्याही तेव्हाच उन्हात टाका, दमट रजई कितीही जड असली तरी ऊब देत नाही. किमान तापमान ५-६ अंशांवर येतं, पण गुडघ्यांना खरा त्रास फरशीचा होतो. घरात घालायच्या बंद चपला आणि लोकरीचे मोजे पुण्याहूनच घ्या. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा आतून थर्मल, त्यावर पातळ लोकरीचं, वर शाल असं तीन पदरी. कानटोपी सासूबाई आणि मुलगा दोघांनाही. तहान लागत नाही म्हणून म्हातारी माणसं पाणी पीत नाहीत, कोमट पाण्याचा थर्मास उशाशी ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना थंडीचं सांगून ठेवा, थंडीत दाब चढतो.

गाडीसाठी दशम्या करून घे. दुधात भिजवलेल्या, दोन दिवस मऊ राहतात, सोबत कोरडी चटणी आणि साखरांबा. येताना गाडी लेट झाली तर तोच आधार असतो, म्हणून आईकडून परतीलाही तेवढ्याच बांधून घे, मोजून नाही.

दाल_बाजार
गजकेचं: निघायच्या आदल्या दिवशी घ्या, आधी नको. ताजी खस्ता गजक बोटाने दाबली की भुगा होते. दाबून वाकली किंवा दाताला चिकटली तर ती जुनी किंवा ओल लागलेली. गुळाचा पाक ओढून ओढून फिका करतात, मग त्यात तीळ घालून लाकडी हातोड्याने कुटतात. पदर त्या कुटण्याने येतात, आणि ते पदर हवेतली ओल लगेच शोषतात. त्यामुळे खोका उघडा ठेवला की पुण्या-मुंबईत दोन दिवसांत मऊ पडते, फ्रिजमध्ये तर त्याहून लवकर. अर्ध्या किलोचे छोटे खोके घ्या, एक संपल्यावर दुसरा फोडा. प्रत्येक खोका प्लास्टिक पिशवीत बांधून बॅगेच्या मधोमध आडवा, खाली-वर कपडे. बर्थखालच्या बॅगेत तळाशी टाकलात तर तिळाचा चुरा मिळेल. (चुरा झालाच तर लाडू वळायला चांगला आहे.) गजक हवाबंद राहिली तर जानेवारीतल्या संक्रांतीला पुण्यात वाटायला तशीच खुसखुशीत राहते. प्रवासात खायला लागलं तर तिळाची पट्टी (चिक्कीसारखी) घ्या, तिचा असा चुरा होत नाही.

इकडे आणायचं म्हणाल तर बाकरवडी सगळेच आणतात. इथल्या घरांना खरं हवं असतं ते कोकम, घरचा गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, नव्या वर्षाचं मराठी कालनिर्णय आणि वाचून झालेले दिवाळी अंक. अंक जड होतात, पण एक अंक चार घरांत फिरतो, तेव्हा आणाच.

मुलाला मेळा दाखवायचा असेल तर: ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ पासूनचा, माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केलेला. साधारण २५ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो, पण पहिल्या आठवड्यात बरीच दुकानं अजून लागत असतात. तुमच्या तारखांत ३१ किंवा १ ला जा, दुपारी तीनला, आणि अंधार पडायच्या आत मुलाला कानटोपी घालून बाहेर काढा. मैदान उघडं आहे, सूर्य गेला की गारठा एकदम चढतो. तानसेन समारोह (शास्त्रीय संगीताचा महोत्सव) मात्र तुम्ही यायच्या आत होऊन जाईल. २०२४ चा शंभरावा १५ ते १९ डिसेंबरला झाला, तेच दिवस धरून पुढच्या वेळी दहा दिवस आधी निघता आलं तर बघा.

लष्करकर
एक राहिलं. नोव्हेंबरात रेल्वे धुक्यासाठी काही गाड्या डिसेंबर ते फेब्रुवारी आधीच रद्द करते किंवा त्यांचे आठवड्यातले दिवस कमी करते, आणि यादी जाहीर होते. तिकीट काढून झालं तरी ती यादी आली की आपल्या दोन्ही गाड्या आणि तारखा त्यात नाहीत ना, ते एकदा तपासा.