मदत हवी आहे: बांगडा खाल्ल्यावर चौघांची तोंडं लाल झाली

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. परवा बांगड्याचं हुमण केलं होतं, नेहमीसारखं तिरफळं घालून. जेवून अर्धा तासही झाला नसेल, सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला. पाठोपाठ माझा आणि धाकट्याचा. अंगभर खाज, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. ह्यांच्या डब्यात तेच हुमण होतं, त्यांचाही ऑफिसातून फोन आला. मुलीने फक्त वरणभात खाल्ला होता, ती ठणठणीत.

डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीची गोळी दिली, संध्याकाळपर्यंत उतरलं. आता मासे बंद करा म्हणाले. पण चौघांना एकाच दुपारी अ‍ॅलर्जी? सासूबाई जन्मभर बांगडा खात आल्यात!

शेजारचे म्हणतात फॉर्मेलीन, म्हणजे मासा टिकावा म्हणून मारतात ते रसायन. २०१८च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारावरून केवढा गदारोळ झाला, सरकारने बाहेरच्या माशांची आवक काही दिवस बंद केली, ते इथे सगळ्यांच्या लक्षात आहे. मला मात्र हिस्टामिनचं, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखाच त्रास देणाऱ्या रसायनाचं, जास्त पटतंय. बांगडा, तारली, ट्यूना यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा थंड राहिला नाही की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते उकळून जात नाही, आणि माशाला वास येईलच असंही नाही. खाताना जीभ जरा जास्तच चुरचुरली होती, मी तिरफळं समजले.

सध्या १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी आहे, म्हणजे हा बांगडा बाहेरून ट्रकने आलेला असणार.

दोन तुकडे फ्रीजरमध्ये जपून ठेवलेत. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला फी भरून तपासणी करून घेता येते, पण तसा इरादा विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो. मग शिजवलेल्या तुकड्यांचं काय? बांबोळीला अन्न व औषध प्रशासनात कोणी असं काही नेलंय का? त्यांनी घेतलं का?

दुसरं, आमची मासेवाली. बारा वर्षं दारात येते, सासूबाईंच्या आजारपणात रात्री धावून आली होती. तिच्या पाटीत बर्फ नसतो, ओलं गोणपाट असतं. पण मासा ट्रकमध्येच तापला असेल तर नंतरच्या बर्फाने झालेलं हिस्टामिन जात नाही, मग दोष तिचा कसा? तिच्या पोटावर पाय न येता हे पुढे कुणाला कळवता येईल? सोमवारी ती येईल, तिच्याशी कुठून सुरुवात करू?