अनारसे हसतायत (तुपात सोडले की विरघळतायत)! दमट हवेत पीठ कसं साधायचं? मदत हवी आहे

नमस्कार. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे आणि लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. जावयांना वाण द्यायचं म्हणजे तेहेतीस अनारसे आलेच. २०२३ च्या अधिक श्रावणात नणंदेच्या घरी आम्ही बत्तासे दिले होते, जाळीचं असलं की चालतं म्हणून. या वेळी मात्र घरीच करायचे ठरवलंय. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, हाताला कंप आहे, थापणं जमत नाही. पण शेजारी बसून सांगतात. त्या सांगतायत तोवर मला हे शिकून घ्यायचंय.

अर्धा किलो कोलम तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं. चौथ्या दिवशी उपसून पंचावर पंख्याखाली पसरला. माझ्या मते चूक इथेच झाली. सासूबाई म्हणतात तासाभरात तांदूळ होतात, पण तो हिशोब त्यांच्या माहेरचा, साताऱ्याचा. आम्ही परळला राहतो. इथे मे महिन्यात सुती कपडासुद्धा पंख्याखाली लवकर वाळत नाही. दोन तासांनीही तांदूळ तळव्याला चिकटत होते. उशीर होतोय म्हणून तसेच मिक्सरला लावले, मैद्याच्या चाळणीने चाळले. चार वाट्या पिठाला चार वाट्या किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळलं, गोळा स्टीलच्या डब्यात ठेवला.

पाचव्या दिवशी उघडला तर गोळा सैल, बोटाला धागा सुटत होता. खसखशीवर थापून पहिला अनारसा तुपात सोडला. कडेने बुडबुडे आले, मग मध्ये भोक पडलं आणि बघता बघता सगळा विरघळून खसखस तेवढी तरंगत राहिली. दुसरा, तिसराही तसाच हसला. मग दोन मुठी कोरडी तांदळाची पिठी मिसळली. हसायचे थांबले, पण जाळी गेली. पापडीसारखे कडक झाले.

सासूबाईंनी गोळा मागून घेतला, अंगठ्याने दाबला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "ओल राहिली गं." किती ओल राहिली ते त्यांच्या बोटांना कळतं, मला कळत नाही. मुंबईच्या हवेत अनारसे करणाऱ्यांनी कृपया सांगा, तांदूळ नेमका केव्हा दळायचा? आणि उरलेला गोळा वाचवता येईल का? अर्धा किलोचं साहित्य टाकवत नाही.

प्रतिसाद १
ताई, घड्याळाकडे बघूच नका. तांदूळ मुठीत घट्ट दाबून मूठ उघडा. तळव्याला दाणा चिकटला तर थांबा. सगळे दाणे सुटून पडले, पण हाताला गार लागले, की लगेच दळा. खडखडीत वाळू देऊ नका, पीठ ओलसरच हवं. मी दादरला राहते, मला पावसाळ्यात तीन तास लागतात, मध्ये एकदा पंचा बदलते. आणि गूळ फार झालाय. चार वाट्यांना तीनच वाट्या, त्याही सपाट. ओल्या पिठात गुळाला जास्त पाणी सुटतं. चिक्कीचा गूळ घेतला नाही ना? तो तिळाच्या वडीला. इथे साधा पिवळा, किसता येणारा घ्या.

प्रतिसाद २
गोळा टाकू नका! कोरडी पिठी मात्र परत घालू नका, तिने जाळी मरते. मूठभर तांदूळ पुन्हा तीन दिवस भिजवा, निथळून, वर सांगितलंय तसा सुकवून दळा आणि गूळ न घालता ते पीठ या गोळ्यात मळा. मग दोन दिवस मुरू द्या. तूप कसं तापवता? थंड तुपात अनारसा पडला की पिठाला पकड यायच्या आधी गूळ वितळतो आणि अनारसा पसरतो. फार कडकडीत असेल तर खालून करपतो, वर कच्चा राहतो. पिठाचा कण टाकून बघा. तो लगेच वर यायला हवा, पण लाल व्हायला नको. मग आच मंद. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. एका वेळी एकच.

प्रतिसाद ३
मे महिन्यात भिजवलेल्या तांदळाला वास लवकर येतो, म्हणून पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. थोडा आंबूस वास यायलाच हवा, त्याला घाबरू नका. आणि तांदूळ जुना मागा, नवा चिकट होतो. अनारसा काढला की चाळणीत उभा ठेवा, आडवा ठेवला तर तूप आतच राहतं.

मूळ लेखिका
मनापासून आभार. गूळ चिक्कीचाच निघाला, वाण्याने तोच बांधून दिला होता आणि मीही पाहिला नाही. बिनगुळाचं पीठ मळून गोळा दोन दिवस मुरवला. मुठीची खूण सासूबाईंना सांगितली तर म्हणाल्या, हेच तर मी सांगत होते.

आज बारा सोडले. पहिले दोन हसले, तूप थंड होतं. तिसऱ्याला सासूबाई खुर्ची ओढून कढईशी येऊन बसल्या. "आता सोड," म्हणाल्या तेव्हा सोडला. कडा फुलली, खसखशीखाली एकेक छिद्र उघडत गेलं. दहा नीट झाले. खाली किंचित कडक आहेत, पण जाळी आहे.

वाणासाठी जुना तांदूळ आणि साधा गूळ आणलाय, उद्या भिजत घालते. अजून एक विचारते. लेक ठाण्याला आहे. तेहेतीस अनारसे लोकलने न्यायचे तर डब्यात एकावर एक रचले की खसखस झडेल का? मध्ये कागद घालायचा की केळीचं पान?