राखेच्या विटांचं घर: किरणोत्साराची भीती खरी की नुसती धास्ती?

वैदर्भी: नागपुरात घराचं काम काढलंय. मिस्त्री म्हणतो, वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या विटा घ्या, माप सारखं असतं, प्लास्टर कमी लागतं. सासरे म्हणतात, "त्यात युरेनियम असतं, त्या खोलीत नातवंडं झोपणार." सासरे चुकीचं बोलत नाहीत. आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख; कोळसा जळून जातो, त्यातलं युरेनियम-थोरियम राखेत उरतं, म्हणजे साधारण तिप्पट दाट होतं. पण मुळात कोळशात ते किलोमागे २० बेकरेलच्या (किरणोत्साराचं माप) आसपास, तर साध्या मातीत सुमारे ३५. शिवाय विटेत निव्वळ राख नसते. मला तरी विटा घ्याव्यात असंच वाटतं.

रानवाट: साफ असहमत. सरासरीत कोणी राहत नाही, घरात राहतं. प्रत्येक खाणीचा कोळसा वेगळा. आणि रेडॉन विसरलात. युरेनियमपासून तयार होणारा तो किरणोत्सारी वायू बंद खोलीत साचतो, फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानाखालोखालचं कारण तोच. थंडीत आपण खिडक्या उघडतो का?

प्रयोगवही: रेडॉनला कणातून बाहेर पडता आलं पाहिजे. राखेचा कण बॉयलरमध्ये वितळून काचेच्या मण्यासारखा होतो, बराचसा रेडॉन आतच अडकतो. घरात तो मुख्यतः पायाखालच्या जमिनीतून येतो. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर थोरियम असलेल्या मोनाझाइट खनिजाच्या वाळूमुळे किरणोत्सार कितीतरी जास्त. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांच्या पाहणीत कर्करोग वाढलेला दिसला नाही (२००९).

रानवाट: ती वाळू निसर्गानं टाकली, राख आपण करतो. आमच्या गावाशेजारी वीजकेंद्राची राख साठवायचा तलाव आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की गच्चीवरच्या पापडांवर राखाडी थर बसतो, बोट फिरवलं की रेघ उमटते. आई ते पापड झटकून पुन्हा वाळत घालते. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राख-बंधारा फुटला, तेव्हा राख पाण्यात गेली, शेतांत गेली. खतकारखान्यातलं टाकाऊ फॉस्फोजिप्सम बांधकामात वापरायचं तर त्यातल्या किरणोत्सारी रेडियमला ग्रॅममागे १ बेकरेलची (किलोमागे हजार) मर्यादा आहे. मग विटेचाही आकडा गिऱ्हाइकाच्या हातात द्या.

वैदर्भी: आकड्याचं पटलं. धुळीचंही, फक्त त्या धुळीत मला किरणोत्सारापेक्षा फुप्फुसात जाणाऱ्या सिलिकाच्या बारीक कणांची धास्ती जास्त वाटते. म्हणूनच राख विटेत बांधली जावी, तलावात उघडी पडू नये. आज वीटवाल्याला तपासणीचा कागद मागितला, त्याच्याकडे नव्हता. कागद येईपर्यंत ऑर्डर थांबवलीय, मिस्त्री जोत्याचं काम पुढे नेतोय.