बोक्याचं हृदय मोठं झालंय आणि पोटही बिघडलंय, एकाचं औषध दुसऱ्याला बाधायलंय, कुणाला अनुभव आहे का?

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमचा बंड्या, पिवळा गावठी बोका, वय ९ वर्षं. अशोक चौकाच्या मागं राहतो आम्ही. डिसेंबरात तो जिना चढताना मध्येच बसायला लागला, आम्हाला वाटलं वय झालं आता. मग एका रात्री पाण्याला उठलो तर हा झोपेत आणि पोट नुसतं भात्यासारखं हलतंय. सकाळी दवाखान्यात एक्स-रे काढला, फुप्फुसात पाणी. लघवीचं इंजेक्शन दिलं आणि दोनेक तासांत पोरगं मोकळं श्वास घ्यायला लागलं. नंतर पुण्याला नेऊन इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, एचसीएम निघालं, म्हणजे डाव्या कप्प्याची भिंत जाड झालीये (७ मिलिमीटर, ६ च्या वर गेलं की जाड धरतात म्हणे) आणि वरचा डावा कप्पा पण फुगलाय. तेव्हापासून लघवीची गोळी फ्युरोसेमाइड दोन वेळा आणि रक्त पातळ करायची क्लोपिडोग्रेल ७५ ची पाव गोळी रोज.

आता खरा प्रश्न. त्याला आधीपासून आठवड्यातून एखादी उलटी व्हायची, मांजर आहे, केस गिळतंय म्हणून सोडून दिलं. होळीपासून मात्र आठवड्याला तीन-चार उलट्या, शी पातळ आणि वास असा की बाहेरच्या खोलीत बसवत नाही. वजन ४.८ वरून ३.९ किलोवर आलंय. सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसली, आयबीडी (आतड्याची जुनी सूज) असेल म्हणाले, आणि महिनाभर टिकणारं स्टेरॉइडचं एकच इंजेक्शन देऊन टाकू म्हणाले. पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हाला डिसेंबरातच बजावलं होतं की स्टेरॉइड विचारल्याशिवाय द्यायचं नाही. मी दोघांच्या मध्ये अडकलोय.

आणि मागच्या आठवड्यात एक झालं ते लिहितो. उलट्यांनी वाळला होता म्हणून एका ठिकाणी नेलं, त्यांनी चामडीखाली १५० मिली सलाइन सोडलं. हृदयाचं मी सांगितलं होतं पण गर्दी होती, कागद काढून दाखवायला पाहिजे होता, राहिलं. रात्री ११ ला श्वास मोजला तर मिनिटाला ४४. रात्रभर लघवीच्या जादा गोळीवर (पुण्याला फोन करून विचारून) काढली, पहाटे चारला ३० च्या खाली आला तेव्हा कुठं आई उठून देवापुढं दिवा लावायला गेली. ती रोज झोपेतला श्वास मोजून कालनिर्णयवर लिहिते, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी.

ऊन ४२ च्या पुढं आहे. इको परत करा म्हणालेत, पण अडीचशे किलोमीटर या उन्हात नेऊ का? स्टेरॉइड देऊ का? खायला काय देऊ? उकडलेलं चिकन सोडून तो काही खाईना गेलाय.

---

कडकभाकरी

भाऊ बंड्याला बरं वाटू दे लवकर. आमच्याकडं पोट बिघडलं की दहीभात कालवून द्यायचो, थोडं ताक पण पाजायचो, दोन दिवसात व्यवस्थित व्हायचं मांजर. उलटी थांबायला आपली लहान मुलांची गोळी पाव पाव दिली तरी चालते बहुतेक, एकदा विचारून घ्या.

---

होटगीरोडची_ताई

कडकभाकरी, तुम्ही मायेनं लिहिलंय हे कळतंय, पण कुणीतरी हे वाचून तसंच करेल म्हणून लिहिते, माणसाच्या गोळ्या मांजराला मनानं देऊ नका हो. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते, त्यांच्या लिव्हरला ते पचवताच येत नाही. तसंच औषधाच्या दुकानात मिळणारा फॉस्फेटचा एनिमा, तोही मांजराला जीवघेणा. आणि दूध-ताक मोठ्या मांजरांना पचतंच असं नाही, जुलाब वाढतात उलट.

पूर्वभाग, तुमची पोस्ट वाचून हात कापायला लागले माझे. आमची मनी एचसीएमनंच गेली, दोन वर्षं झाली. आम्हाला आजार माहीतच नव्हता. दुपारची वेळ, ती पलंगाखाली होती, एकदम असा आवाज काढला की तसा मी कधीच ऐकला नव्हता, बाहेर आली ती मागचे दोन्ही पाय ओढत. मला वाटलं गच्चीवरून पडली, पाय मोडला. पंजा हातात घेतला तर बर्फासारखा गार, तळवे गुलाबी असायचे ते निळे-पांढरे पडलेले. पुढचे पाय गरम आणि मागचे गार. हाडाचा डॉक्टर कुठं मिळेल शोधण्यात आमचे दोन तास गेले आणि ती तेवढा वेळ वेदनेनं ओरडत होती. हृदयातली रक्ताची गाठ सुटून मागच्या पायांच्या रक्तवाहिनीत जाऊन बसते, त्याला सॅडल थ्रॉम्बस म्हणतात, हे मला नंतर कळलं. तुमच्या बंड्याचा वरचा कप्पा फुगलाय म्हणताय, त्यात रक्त साचून गाठ व्हायचा धोका असतो, म्हणून ती क्लोपिडोग्रेल एक दिवस पण चुकवू नका. कधी असं झालंच तर चोळत बसू नका, शेकू नका, तडक दवाखाना, पहिलं काम वेदना थांबवायचं इंजेक्शन.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्या लिहितात तसं मी लिहिलं असतं तर, जाऊ दे.

---

गुरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्यकीय डॉक्टर, काम मंगळवेढ्याकडं, बहुतेक गाई-म्हशी आणि शेळ्या, मांजरं कमी येतात माझ्याकडं. तेव्हा मी लिहितोय त्याच्यावर औषध बदलू नका, तुमच्या दोन्ही डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून घ्या.

सगळ्यात आधी, थायरॉइड (टी-४) तपासलंय का? नऊ वर्षांचा बोका, वजन उतरतंय, उलट्या, पातळ शी आणि हृदयाची भिंत जाड, हे सगळं एकट्या वाढलेल्या थायरॉइडनं होऊ शकतं. तसं निघालं तर दोन आजार नाहीत, एकच आहे आणि त्याला गोळी आहे. सोबत ब्लड प्रेशर मोजता आलं तर बघा, वाढलेल्या प्रेशरनंही भिंत जाड होते. हे न बघता आयबीडीवर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं ते स्टेरॉइडचं. महिनाभर टिकणारं इंजेक्शन हृदयाच्या मांजराला मी देणार नाही. त्यानं रक्तातली साखर चढते, साखरेमागं अंगातलं पाणी रक्तात ओढलं जातं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि आधीच थकलेल्या हृदयावर तो भार पडतो, की फुप्फुसात परत पाणी. आणि एकदा टोचलं की काढून घेता येत नाही, महिनाभर ते अंगात आहेच. अगदीच लागलं तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, कमी डोस, श्वास मोजत मोजत, त्रास वाटला तर डॉक्टर डोस उतरवू शकतात. ब्युडेसोनाइड म्हणून एक स्टेरॉइड आहे, ते जास्त करून आतड्यातच काम करतं, त्याबद्दल पण विचारा. पण त्याच्याही आधी खाणं बदलून बघा. आतड्याच्या दुखण्याची बरीच मांजरं नुसत्या खाण्यानं सुधारतात आणि फरक पडायचा असेल तर साधारण दोन आठवड्यांत दिसतो. अट एकच, त्यानं आजवर न खाल्लेलं एकच मांस द्यायचं आणि मध्ये दुसरं काही म्हणजे काही नाही. चिकन रोजचं असेल तर चिकनच बाधत असेल कदाचित.

बी-१२ पण तपासा. आतडं बिघडलं की ते शोषलं जात नाही, मग भूक जाते, वजन जातं. नुसत्या बी-१२ चं इंजेक्शन २५० मायक्रोग्रॅम आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे देतात, आणि ते हृदयाला बाधत नाही.

सलाइनचं झालं ते झालं. पण घरात एकच वही करा, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात "हृदयरोग, फुप्फुसात पाणी झालं होतं, विचारल्याशिवाय सलाइन व स्टेरॉइड नको", आणि खाली औषधं डोससकट. दवाखान्यात तोंडानं सांगण्याआधी ती वही टेबलावर ठेवायची. आम्ही दिवसभरात इतकी जनावरं बघतो की सांगितलेलं खरंच निसटतं, मी माझ्यावरून सांगतो.

फ्युरोसेमाइडवर असताना किडनी आणि पोटॅशियम मधून मधून बघावं लागतं, जुलाबात तर जास्तच. पाणी कधी तोडू नका. आणि दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर तिसऱ्याची वाट बघू नका, उपाशी मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साचते आणि मग ते तिसरंच दुखणं होऊन बसतं.

इकोचं म्हणाल तर श्वास झोपेत ३० च्या आत असेल तर या उन्हात नेण्याची घाई नको वाटते मला. आकड्यांचा फोटो काढून पुण्याला पाठवा, कॅलेंडरचाच पाठवा, ते बघून सांगतील. तोंड उघडून श्वास घेतला तर मात्र ऊन, रात्र काही बघायचं नाही, जवळचा दवाखाना गाठायचा.

---

उजनीकाठ

खाण्याचं मी सांगतो, आमच्या दोन मांजरांना पोटाचा त्रास होता. चिलापी. उजनीची चिलापी सोलापुरात मिळते, स्वस्त पण आहे. बंड्यानं मासे कधी खाल्ले नसतील तरच, नाहीतर डॉक्टर म्हणाले तसं उपयोग नाही. नुसत्या पाण्यात उकडायची, मीठ हळद कांदा लसूण काही नाही (कांदा लसूण मांजराला विषच आहे), गार झाली की बोटानं काटे काढायचे, दोनदा हात फिरवायचा कारण चिलापीचे बारीक काटे बरगडीजवळ लपून राहतात. उकडलेलं पाणी टाकू नका, तेच वाटीत द्या, पाणी न पिणारं मांजर पण ते चाटून पुसून पितं, पाणी पोटात जातं. सुकट बोंबील नको, खारवलेलं असतं, हृदयाला वाईट.

क्लोपिडोग्रेल आतून कडू जहर असते, पाव तुकडा तसाच दिला तर तोंडाला फेस येतो आणि पुढच्या वेळी मांजर तुम्हाला बघूनच पळतं. रिकाम्या कॅप्सूल मिळतात, लहानातली घ्या, त्यात तुकडा टाकून द्या आणि मागोमाग दोन चमचे त्या माशाचं पाणी, कोरडी कॅप्सूल घशात अडकते. रिकाम्या पोटी देत असाल तर उलटी त्यामुळं पण होत असेल, खाण्याबरोबर देऊन बघा.

आणि उन्हाला आम्ही पोतं ओलं करून खिडकीला लावतो, दुपारी मांजरं त्याच्याखाली फरशीवर पसरतात.

---

गुरांचा_डॉक्टर

चिलापी चालेल, पण नुसतं मांस दोन-तीन आठवड्यांपुरतंच. कायमचं द्यायचं तर कॅल्शियम आणि टॉरिन (मांसा-माशातलं एक पोषकद्रव्य) वरून द्यावं लागेल. मांजराला टॉरिन पुरेसं स्वतः तयार करता येत नाही, ते कमी पडलं की हृदय ढिलं पडतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं आणि त्यानंतर मांजराच्या तयार खाण्यात ते वाढवून घालायला लागले. दूध-पोळीवर वाढवलेल्या मांजरांचं मला नेहमी हेच वाईट वाटतं. उकडताना टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून उजनीकाठ म्हणतात तसं ते पाणी फेकू नका.

---

पूर्वभाग_सोलापूर

उशीर झाला लिहायला, माफ करा, आज सतरा दिवस झाले. सगळ्यांचं एकेक वाक्य आईला वाचून दाखवलं, ताईंचं वाचताना तिनं मध्येच थांबवलं आणि बंड्याचे मागचे पंजे हातात धरून बघितले. आता रोज सकाळी बघते, गरम आहेत ना म्हणून.

टी-४ नॉर्मल आलं. मला वाटत होतं तेच निघावं, एकच आजार आहे म्हणतील, पण नाही. बी-१२ मात्र बरंच कमी निघालं, दोन इंजेक्शनं झाली. वही केली. ती बघून इथल्या डॉक्टरांनी स्वतःहून माझ्या फोनवरून पुण्याच्या डॉक्टरांशी बोलणं केलं, पंधरा मिनिटं बोलले दोघं, आणि ठरलं की ते मोठं इंजेक्शन नाही, आधी खाणं, मग गरज पडली तर ब्युडेसोनाइड. इको पावसाळा लागल्यावर.

चिलापी पहिल्या दिवशी त्यानं हुंगली आणि पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी पण तेच, माझा जीव अर्धा, कारण दोन दिवसांचं तुम्ही लिहिलेलं डोक्यात. रात्री आईनं बोटावर जरासं घेऊन त्याच्या वरच्या ओठाला लावलं, त्यानं चाटलं, थांबला, आणि मग वाटीकडं गेला. आता मासा आणायला निघालो की पिशवीच्या आवाजानं जिन्यापर्यंत येतो, मध्ये एकदा बसतो पण येतो. सतरा दिवसांत उलट्या दोन, त्यातली एक मी गोळी रिकाम्या पोटी दिली त्या दिवसाची. शी अजून पूर्ण बांधून नाही होत, पण वास गेला. वजन ४ किलो, शंभर ग्रॅम का होईना वाढलं.

झोपेतला श्वास २४ ते २८. परवा लाइट गेली होती दुपारी, पंखा बंद, तेव्हा ३३ झाला होता, ओलं पोतं लावलं, एरवी शेजारचे माग दिवसभर खडखडत असतात ते पण बंद, सगळं शांत, तासाभरात २७.

रविवारी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियमला रक्त द्यायचंय. डॉक्टर, दोन आठवडे झाले आणि सुधारणा आहे, तर आता टॉरिन किती आणि कशात घालू? माशाच्या पाण्यात चालेल ना?