कॅब्री जी२ : डावं पेडल दाबलं की आणखी डावीकडेच वळतं!

घिरट्या : मंडळी, फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमानं बऱ्यापैकी हाताशी आल्यावर हेलिकॉप्टरकडे वळलोय. कॅब्री जी२ घेतलंय. जमिनीपासून जरा उचललं की नाक डावीकडे जातं. व्हिडिओत सांगतात तसं डावं पेडल दाबलं, तर गर्रकन आणखी डावीकडे! ते सावरेपर्यंत पुढे-मागे झोके सुरू, आणि शेवटी शेपूट जमिनीला. जॉयस्टिक साधी स्प्रिंगवाली आहे, पेडलं वेगळी. सेटिंगमध्ये पेडलं उलटी करून टाकू का?

भिंगरी : अजिबात नको! तुमचा व्हिडिओ बहुधा बेल किंवा रॉबिन्सन या अमेरिकी हेलिकॉप्टरांचा असणार. त्यांचा रोटर (डोक्यावरचा पंखा) वरून पाहिला तर घड्याळाच्या उलट फिरतो. कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारी दांडी) वर घेतलं की नाक उजवीकडे जाऊ बघतं, म्हणून डावं पेडल. कॅब्री फ्रेंच, तिचा रोटर घड्याळाच्या दिशेने. तिथे कलेक्टिव्ह वाढवलं की उजवं पेडल. आज पेडलं उलटी केलीत तर उद्या बेल ४०७ मध्ये बसल्यावर पुन्हा हाच धागा काढाल.

दुसरं म्हणजे, हॉवर (हवेत एका जागी थांबणं) आधी शिकायचाच कशाला? सगळे नवे लोक तिथेच डोकं आपटतात. हजारेक फुटांवर ६० नॉट्सने उडायला लागा, तिथे ती जवळपास विमानासारखी वागते. मग वेग हळूहळू उतरवा. साधारण २४ ते १६ नॉट्सच्या दरम्यान रोटरला पुढून मिळणारी ताजी हवा कमी पडते, अंग थरथरतं आणि ती खाली बसायला लागते. तिथे कलेक्टिव्ह वाढवावं लागतं आणि त्याबरोबर लगेच पेडल. हे हातापायांत भिनलं की हॉवर वेगळा शिकावा लागत नाही, वेग उतरवता उतरवता तुम्ही तिथेच पोचता.

झोक्यांचं कारण वेगळं. स्टिक हलवली की आधी रोटरची चकती कलते, मग धड, आणि सरकणं त्यानंतर. सरकणं थांबलेलं दिसेपर्यंत स्टिक दाबून धरलीत तर उशीर झालेलाच असतो. किंचित द्या आणि परिणाम दिसायच्या आत अर्धं परत घ्या. मनगट मांडीवर टेकवा, स्टिक दोन बोटांत धरा. डेडझोन (स्टिक मधोमध जराशी हलवली तरी काहीच होत नाही तो पट्टा) शून्य करा. मधल्या मेलेल्या पट्ट्यात हॉवर कधीच जमणार नाही.

क्षितिज : भिंगरींशी सहमत. एक भर : नाकापुढच्या जमिनीकडे बघू नका, लांबच्या झाडाकडे बघा. आणि सुरुवातीला टेल रोटरची मदत (पेडलांचं काम सिम्युलेटरच करतो ती सेटिंग) चालू ठेवायला काय हरकत आहे? एका वेळी एकच गोष्ट शिकावी.

भिंगरी : माझी आहे हरकत. मदत चालू असली की पाय झोपून जातात, आणि हेलिकॉप्टरमध्ये निम्मं काम पायांचंच.

जुना_गडी : वेग उतरवताना एक सांभाळा. ३० नॉट्सच्या खाली, पॉवर लावलेली असताना मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जास्त वेगाने खाली येत असाल, तर रोटर स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत बसू शकतो. याला व्हॉर्टेक्स रिंग म्हणतात. तेव्हा घाबरून कलेक्टिव्ह ओढलं तर बुडणं आणखी वाढतं. स्टिक पुढे, वेग घ्या, बाहेर पडा. यासाठी उंची हाताशी लागते, म्हणून पहिले प्रयोग वरच करा.

घिरट्या : उजव्या पेडलने नाक एकदम वठणीवर! आता ६० नॉट्सवर मजेत फिरतोय, ४० च्या खाली गेलं की अजून तारांबळ. एक राहिलं : कलेक्टिव्ह थ्रॉटलच्या दांडीवर आहे. पुढे ढकललं की वर जातं. हे तरी उलटं करू?

भिंगरी : हे खुशाल करा. खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये कलेक्टिव्ह वर ओढायचं असतं, त्यामुळे दांडी स्वतःकडे ओढल्यावर चढलं तर हाताला पटतं. फक्त विमानांसाठी वेगळी प्रोफाइल ठेवा, नाहीतर लँडिंगला पॉवर काढायला जाल आणि फुल थ्रॉटल लागेल.

क्षितिज : मी पुढे ढकलूनच उडवतो, काही अडत नाही.

भिंगरी : तुमचे पायसुद्धा झोपलेलेच आहेत. 😀