तेजी-मंदी बघून ब्रांच निवडायची का?

कटिंगवाला: भाचीचा इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म (कॉलेज-ब्रांचची पसंती) भरायचाय. तिला मेकॅनिकल हवंय, घरचे कॉम्प्युटरवर अडून बसलेत. माझं मत, आजचा बाजार बघून ब्रांच घेणं येडेपणा आहे, डिग्री हातात यायला चार वर्षं लागतात. २०२१ ला आयटीवाले फ्रेशर धडाधड उचलत होते म्हणून सगळे कॉम्प्युटरला पळाले, ती पोरं २०२५ ला बाहेर पडली तेव्हा कॅम्पसला शुकशुकाट.

चाकण_रिटर्न: बोलायला काय जातंय. आमच्या बॅचला २००८ ला ऑफर मिळाली, सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली न जॉइनिंग वर्षभर लटकलं, पण शेवटी बोलावलं ना! मेकॅनिकलवाले मित्र चाकणच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून नाइट शिफ्ट मारत होते, नंतर तेपण जावा शिकून आयटीतच आले. मग थेटच का येऊ नये?

दुष्काळी_गडी: आमच्याकडचं डीएड आठवा. दोन वर्षात मास्तरकी पक्की म्हणून बारावीला चांगले मार्क पडलेली पोरं तिकडं गेली, गावोगाव कॉलेजं निघाली. मग भरती थांबली, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आली, सरकारच्या पवित्र पोर्टलवरून जागा भरायला २०१९ उजाडलं. आमच्या गल्लीतला एकजण वाट बघून बघून आता खताचं दुकान चालवतोय, वर टीईटीचे क्लास घेतो (त्यात पैसा बरा आहे म्हणे).

चाकण_रिटर्न: डीएडचा न मंदीचा काय संबंध? २०११ ला शाळाशाळांत पोरं मोजली, त्या पटपडताळणीत बोगस पट सापडला म्हणून ते गाडं अडलं.

दुष्काळी_गडी: कारण काहीही असो, झुंडीनं गेले ते अडकलेच की.

पेठेतला_भाडेकरू: मंदीत अजून एक गंमत होते. प्रायव्हेट जॉब आटले की सगळे एमपीएससीकडं वळतात आणि नेमकी तेव्हाच सरकारची तिजोरी रिकामी. मे २०२० मध्ये राज्याने आरोग्य खातं सोडून नवीन भरतीच थांबवली होती. इकडं पेठेत कॉट बेसिसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं काय थांबत नाही. सेफ म्हणून सरकारी हे मला तरी पटत नाही.

कटिंगवाला: तेच तर म्हणतोय, आवडीचं घ्या.

चाकण_रिटर्न: आवड ज्याच्या बापाला परवडते त्याने बघावी. एज्युकेशन लोन असेल तर कोर्स संपल्यावर वर्षभरात हप्ता चालू होतो, बँक आवड विचारत नाही. भाचीची फी कोण भरतंय ते सांगा आधी, मग बोलू.